गाठ हाताला लागल्यापासून: स्तन वाचवणाऱ्या शस्त्रक्रियेची वाट, मराठवाड्यातल्या बायकांसाठी

स्तनातली गाठ कॅन्सरची निघाली की घरातून पहिला सल्ला बहुतेक एकच येतो: "काढून टाका पूर्ण, ब्याद गेलेली बरी." सासरे म्हणतात, दीर म्हणतो, पुष्कळदा ती बाई स्वतःच म्हणते. बोलणाऱ्याच्या मनात माया असते, त्यात शंका नाही. पण आजार सुरुवातीच्या टप्प्यात असेल तर पुष्कळ बायकांना पूर्ण स्तन काढायची गरज नसते, तरीही आपल्याकडे तो काढला जातो. त्यामागची कारणं दर वेळी आजाराची नसतात. कुणाची गाठ घाईघाईत आधीच कापलेली असते, कुणाला रेडिएशनचं मशीन लांब पडतं, आणि कुणाला दुसरा पर्याय आहे हे कुणी सांगितलेलंच नसतं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढण्याचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला. बाईचा अवयव काढून टाकणं हा सोपा उपाय वाटण्याची सवय आपल्याकडे किती मुरली आहे, ते तेव्हा उघड झालं.

स्तन राहणार की जाणार हे बऱ्याच वेळा कोणतं पाऊल आधी पडलं आणि कोणतं नंतर यावर ठरतं. म्हणून हा लेख त्या क्रमाने लिहिला आहे.

जिवाला धोका राहतो का?

सगळ्यात मोठी भीती हीच असते, म्हणून तिच्यापासून सुरुवात करते. इटलीत मिलान इथे डॉ. उम्बेर्तो वेरोनेसी यांनी १९७३ ते १९८० या काळात लहान गाठ असलेल्या ७०१ बायकांचे दोन गट केले. एका गटाचा पूर्ण स्तन काढला. दुसऱ्या गटाचा गाठीभोवतीचा भाग काढून उरलेल्या स्तनाला रेडिएशन दिलं. अमेरिकेत डॉ. बर्नार्ड फिशर यांनी १९७६ मध्ये असाच अभ्यास सुरू केला, त्यात गाठ चार सेंटीमीटरपर्यंतची होती. दोन्हींचे वीस वर्षांचे निकाल २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. स्तन राखलेल्या आणि काढलेल्या बायका जगण्याचं प्रमाण सारखंच निघालं.

एक फरक मात्र आहे, तो लपवू नये. राखलेल्या स्तनात पुन्हा गाठ येण्याची शक्यता थोडी जास्त राहते. मिलानच्या अभ्यासात वीस वर्षांत ती सुमारे ९ टक्के होती, तर पूर्ण स्तन काढलेल्यांमध्ये त्याच जागी आजार परतण्याचं प्रमाण सुमारे २ टक्के होतं. अशी गाठ आली तर पुन्हा ऑपरेशन होतं, तेव्हा पूर्ण स्तन काढावा लागू शकतो. हे आकडे जुन्या काळातले आहेत. आज औषधं आणि रेडिएशन दोन्ही सुधारलं आहे आणि हे प्रमाण त्याहून कमी झालं आहे.

फिशर यांच्या अभ्यासातला दुसरा आकडा घरातल्या सगळ्यांनी लक्षात ठेवावा. गाठ काढून रेडिएशन घेतलेल्यांमध्ये त्याच स्तनात आजार परतला तो सुमारे १४ टक्के बायकांमध्ये. रेडिएशन न घेतलेल्यांमध्ये ३९ टक्के. म्हणजे स्तन राखायचा असेल तर रेडिएशन हा त्याच उपचाराचा अर्धा भाग आहे. ऑपरेशन झालं, टाके सुकले, आता कशाला परत जायचं, असं इथे चालत नाही.

पहिली पायरी: गाठ कापू देऊ नका, सुईची तपासणी मागा

पुढचं सगळं बिघडतं ते बहुतेक इथेच. तालुक्याच्या दवाखान्यात गाठ दाखवली की कधी कधी सांगितलं जातं, "छोटी आहे, भूल देऊन काढून टाकू, मग तपासायला पाठवू." ऐकायला बरं वाटतं, एका फेरीत काम होतं. पण ती गाठ कॅन्सरची निघाली तर पुढच्या सर्जनला मूळ गाठ दिसत नाही, तिच्या कडा कळत नाहीत, छेद भलत्या जागी गेलेला असतो. मग नुसत्या व्रणाभोवतीचा भाग पुन्हा काढावा लागतो, आणि लहान स्तनात दोनदा काढून राखण्यासारखं काही उरत नाही.

म्हणून क्रम असा. आधी डॉक्टरांनी हाताने तपासायचं, दोन्ही स्तन आणि दोन्ही काखा. मग मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे. चाळिशीच्या आतल्या बाईचं स्तन घट्ट असतं, मॅमोग्राफीत नीट दिसत नाही, त्यामुळे सोबत सोनोग्राफी. शक्यतो हे फोटो बायोप्सीच्या आधी काढावेत. सुईनंतर आत रक्त साकळलं तर चित्र धूसर होतं. त्यानंतर जाड सुईची बायोप्सी, जिला दवाखान्यात ट्रू-कट म्हणतात. जागा बधिर करून स्प्रिंगच्या सुईने गाठीचे बारीक लांबट तुकडे घेतात. टक् असा आवाज येतो, त्याने दचकायला होतं, दुखतं कमी. वीस-तीस मिनिटांत बाई घरी जाते.

"सुई लावली की कॅन्सर पसरतो" ही समजूत आपल्याकडे फार घट्ट आहे. ती खोटी आहे. जगभरातले कॅन्सरचे डॉक्टर ऑपरेशनच्या आधी ही तपासणी करतात, कारण तिच्याशिवाय योजनाच आखता येत नाही.

तुकडे कशात ठेवले याकडे सोबतच्या माणसाने लक्ष द्यावं. ते फॉर्मलिनच्या बाटलीत जायला हवेत. सलाईनच्या पाण्यात किंवा कोरड्या डबीत ठेवले तर पेशी खराब होतात आणि पुढच्या तपासण्या फसव्या येतात. बाटलीवर नाव, वय, डावी की उजवी बाजू आणि तारीख लिहिली आहे ना, ते पाहा.

बायोप्सीत कॅन्सर निघाला तर त्याच तुकड्यांवर आणखी तीन गोष्टी बघायच्या असतात: ईआर आणि पीआर (गाठ शरीरातल्या हार्मोनवर वाढते का, ते यातून कळतं) आणि हर-टू (गाठ वेगाने वाढवणारं एक प्रथिन). पुढे गोळ्या लागतील, केमो लागेल की महागडं इंजेक्शन, हे त्यावर ठरतं. हर-टू 'दोन प्लस' आला तर फिश नावाची आणखी एक तपासणी लागते. लॅबमधून नुसता रिपोर्ट घेऊन येऊ नका, मेणाचे ब्लॉकही मागून घ्या. छोट्या प्लास्टिकच्या चौकटीत बसवलेल्या मेणाच्या वड्या असतात त्या. तुमच्याच शरीराचा नमुना आहे आणि मोठ्या रुग्णालयात तो पुन्हा तपासायला मागतात. एप्रिल-मेच्या उन्हात ते ब्लॉक मोटरसायकलच्या डिकीत किंवा बंद गाडीच्या काचेशी ठेवू नका. कापडी पिशवीत, अंगाजवळ न्या.

सुरुवातीचा टप्पा म्हणजे ढोबळमानाने गाठ पाच सेंटीमीटरच्या आत, त्वचेवर जखम किंवा सूज नाही, काखेतल्या गाठी नाहीत किंवा असल्या तर मोकळ्या हलणाऱ्या. अशा बाईला दुसरा काही त्रास नसेल तर सरसकट पेट स्कॅनची (सगळ्या अंगाच्या स्कॅनची) गरज नसते. कुणी सगळ्यात आधी तोच करायला पाठवलं तर का, हे विचारावं.

दुसरी पायरी: आपला स्तन राखता येईल का, हे समजून घ्या

सर्जन दोन मापं मनात धरतो, गाठ केवढी आणि स्तन केवढा. तीन सेंटीमीटरची गाठ मोठ्या स्तनातून काढली तर फारसं जाणवत नाही, लहान स्तनातून काढली तर खड्डा पडतो. म्हणून शेजारणीचा वाचला आणि माझा का नाही, ही तुलना निरर्थक असते.

पूर्ण स्तन काढणंच योग्य, अशा काही ठाम परिस्थिती आहेत. मॅमोग्राफीत स्तनभर संशयास्पद चुन्याचे बारीक ठिपके पसरलेले असतील. छातीला पूर्वी रेडिएशन झालेलं असेल. स्तन लाल, सुजलेला, संत्र्याच्या सालीसारखा झालेला असेल. काढलेल्या भागाच्या कडेवर पुन्हा पुन्हा कॅन्सर सापडत असेल. गरोदरपणात रेडिएशन देता येत नाही, त्यामुळे सुरुवातीच्या महिन्यांत अडचण येते; शेवटच्या महिन्यांत आजार कळला तर ऑपरेशन आधी आणि रेडिएशन बाळंतपणानंतर, असं जमवता येतं. एकाच स्तनात लांब लांब दोन गाठी असतील तर पूर्वी सरळ नकार असायचा, आता काही निवडक बायकांमध्ये राखतात. गाठ बोंडीच्या मागे आहे म्हणून स्तन काढायलाच हवा, असंही नाही.

आई, मावशी, बहीण यांना स्तनाचा किंवा बीजकोशाचा कॅन्सर झाला असेल, वय फार लहान असेल, किंवा ईआर, पीआर, हर-टू तिन्ही निगेटिव्ह आले असतील तर बीआरसीए या घराण्यातून येणाऱ्या जनुकदोषाची रक्ततपासणी करावी का, हे ऑपरेशनच्या आधी विचारा. तो दोष निघाला तर दुसऱ्या स्तनाचाही विचार करावा लागतो आणि सगळा बेत बदलू शकतो.

गाठ मोठी आहे पण स्तन राखायची इच्छा आहे, अशा वेळी केमो आधी देऊन गाठ लहान करता येते. पुष्कळ बायकांना हा मार्ग कुणी सांगत नाही. यात एक बारीक गोष्ट सांभाळावी लागते. केमोने गाठ कधी कधी इतकी विरघळते की नंतर सापडत नाही. म्हणून पहिल्या केमोच्या आधी गाठीत धातूची छोटी क्लिप बसवून घ्यायची. क्लिप मिळत नसेल तर गाठीवरच्या त्वचेवर कायमची खूण गोंदवतात. "डॉक्टर, केमोआधी खूण केली का?" एवढा प्रश्न विचारायला विसरू नका.

तिसरी पायरी: रेडिएशनचं गणित ऑपरेशनच्या आधी मांडा

परभणीच्या एखाद्या गावातल्या बाईला स्तन राखायचा की नाही हे पुष्कळदा तीन प्रश्नांवर ठरतं: मशीन कुठे, राहायचं कुठे, घरी पोरांना कोण बघणार. हे प्रश्न आधी सोडवा, मग ऑपरेशनची तारीख घ्या.

पूर्वी रेडिएशन पाच-सहा आठवडे चालायचं. आता संपूर्ण स्तनाला १५ बैठका, सोमवार ते शुक्रवार, म्हणजे तीन आठवडे हे सर्वमान्य वेळापत्रक आहे. २०२० मध्ये ब्रिटनच्या मोठ्या अभ्यासाने पाच बैठकांत, एका आठवड्यात देण्याची पद्धतही सुरक्षित ठरवली. ती तुमच्या बाबतीत चालेल का, हे रेडिएशनच्या डॉक्टरांना जरूर विचारा. एका आठवड्यासाठी शेत आणि घर सांभाळायला माणूस मिळतो, दीड महिन्यासाठी मिळत नाही. तरुण बायकांना गाठीच्या मूळ जागेवर आणखी काही बैठका द्याव्या लागतात, त्याची जमेत मोजणी ठेवा.

छत्रपती संभाजीनगरला आमखास मैदानाजवळ शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, जालना, परभणी, हिंगोली, बीडकडच्या लोकांना ते जवळ. धाराशिव, लातूर आणि बीडच्या दक्षिण भागातल्या लोकांसाठी बार्शीचं नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय सोयीचं पडतं. तिथलं काम जुनं आहे. बार्शी, परंडा आणि भूम तालुक्यांतल्या कॅन्सरची ग्रामीण नोंद तिथे १९८७ पासून ठेवली जाते. नांदेडचे लोक हैदराबादकडेही जातात. मुंबईत परळचं टाटा आहेच, आणि दादरची गाडगे महाराज धर्मशाळा तिथल्या रुग्णांना आसरा देते. ऑपरेशन एका ठिकाणी आणि रेडिएशन घराजवळच्या केंद्रात, असं चालतं. फक्त सर्जन आणि रेडिएशनचे डॉक्टर यांचं ऑपरेशनच्या आधीच एकमेकांशी बोलणं व्हायला हवं, आणि सर्जनने गाठीच्या जागेवर धातूच्या क्लिपा सोडायला हव्यात, म्हणजे दुसऱ्या गावच्या डॉक्टरला नेमकी जागा दिसते.

कारखान्याचा हंगाम तोंडावर असेल आणि मुकादमाची उचल घेतलेली असेल तर तेही आधीच डॉक्टरांसमोर मांडा. रेडिएशन अर्धवट टाकून कोल्हापूर किंवा कर्नाटकात तोडीला जाणं घातक आहे. तीन आठवडे मागेपुढे करून बसवता येतात, किंवा तिकडच्या केंद्राला पत्र देऊन सोय लावता येते.

घरच्या मंडळींसाठी आणखी दोन गोष्टी. पूर्ण स्तन काढला म्हणजे रेडिएशन टळलंच असं नसतं. गाठ मोठी असेल किंवा काखेत पसरलेलं असेल तर तेव्हाही ते लागतं. आणि केमो लागणार की नाही हे आजाराच्या स्वभावावर ठरतं, स्तन राखला की काढला यावर नाही. उलट ६५-७० च्या पुढची बाई, गाठ लहान, काख स्वच्छ आणि ईआर पॉझिटिव्ह असेल तर पाच वर्षं गोळ्या नियमित घेण्याच्या अटीवर रेडिएशन गाळता येऊ शकतं. आजीला तीन आठवडे हलवणं अवघड असेल तर हा विषय तुम्हीच काढा.

चौथी पायरी: पैसे आणि कागद

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत मिळून कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार यादीतल्या रुग्णालयात मिळतात. रेशनकार्ड आणि आधार मूळ प्रतींसह न्या. रुग्णालयाच्या दारातच आरोग्यमित्राचं टेबल असतं, भरती होण्याआधी त्याला भेटा. मंजुरी आधी लागते; खर्च करून मागाहून पावत्या दाखवल्या तर पैसे परत मिळत नाहीत. आरोग्यमित्राला तीन गोष्टी स्पष्ट विचारा: ऑपरेशन, केमो, रेडिएशन तिन्ही याच रुग्णालयात योजनेत होतात का, आकार दुरुस्त करण्याची किंवा नवा स्तन घडवण्याची शस्त्रक्रिया त्यात बसते का, इम्प्लांट लागलं तर त्याचे पैसे कोण देणार. योजनेचा हेल्पलाइन नंबर १५५३८८.

धर्मादाय ट्रस्टच्या मोठ्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणं बंधनकारक आहे. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला त्यासाठी लागतो, तो आधीच काढून ठेवा. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपर आणि थ्री एसीचं तिकीट उपचारासाठीच्या प्रवासात मोफत मिळतं, सोबतच्या एका माणसाला त्यात ७५ टक्के सवलत. रुग्णालयाकडून ठरलेल्या नमुन्यातला दाखला घ्यावा लागतो. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहेच.

ऑपरेशन आणि काख

ऑपरेशनमध्ये गाठ आणि तिच्याभोवतीचा निरोगी भाग एकत्र काढतात. काढलेल्या तुकड्याच्या कडांना शाई लावून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. शाईवर कॅन्सरची पेशी नसेल तर कडा स्वच्छ. कडेवर आजार सापडला तर पुन्हा थोडा भाग काढायला दुसरं ऑपरेशन लागतं. काही बायकांवर ही वेळ येते आणि त्यात सर्जनची चूक असतेच असं नाही. ऑपरेशन चालू असतानाच कडा तपासायची सोय तिथे आहे का, हे विचारून ठेवा.

काखेचा निर्णय स्तनाइतकाच महत्त्वाचा, पण त्याबद्दल घरात कुणी बोलत नाही. पूर्वी काखेतल्या सगळ्या गाठी सरसकट काढत. आता काख स्वच्छ वाटत असेल तर निळा रंग किंवा किरणोत्सर्गी द्रव टोचून पहिल्या एक-दोन-तीन गाठी शोधतात, त्या तपासतात, आणि त्यात काही नसेल तर बाकीच्या तशाच राहू देतात. महागडी साधनं नसलेल्या रुग्णालयांसाठी काखेच्या खालच्या भागातल्या थोड्या गाठी काढण्याची पद्धत टाटातच अभ्यासली गेली. फायदा हाताचा. सगळी काख साफ केल्यावर पाचांतल्या एकीचा हात पुढे सुजतो, थोड्याच गाठी काढल्या तर विसांतल्या एकीचा. खुरपणी आणि कापूस वेचणी करणाऱ्या बाईला या फरकाचं मोल सांगावं लागत नाही. निळा रंग वापरला तर दुसऱ्या दिवशी लघवी हिरवी-निळी होते आणि स्तनावर निळसर डाग काही आठवडे किंवा महिने राहतो. घाबरू नये.

एक विचारण्यासारखी गोष्ट. टाटाचे डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, गाठ काढण्याच्या सात ते दहा मिनिटं आधी तिच्याभोवती लिग्नोकेन हे भुलीचं साधं, स्वस्त इंजेक्शन दिलं, तर पाच वर्षांनी जगण्याचं प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर गेलं. अभ्यास सुरुवातीच्या टप्प्यातल्या बायकांचाच होता. तुमचे सर्जन ते देतात का, हे मोकळेपणाने विचारा.

आकार राखणं आणि नवा स्तन घडवणं

हा विषय बायका विचारायला लाजतात. "आता या वयात काय करायचंय?" असं म्हणून गप्प बसतात. छातीची एक बाजू सपाट झाली की ब्लाउज सरकतो, पदर सारखा ओढत राहावा लागतो, लग्नकार्याला जायचं टळतं. विचारणं हा हक्क आहे, चाळिशीत आणि साठीतही.

स्तन राखताना पडणारा खड्डा भरायला दोन वाटा आहेत. स्तन मोठा असेल तर उरलेलाच भाग आतून हलवून गोल आकार देतात. दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून दुसराही थोडा लहान करतात. स्तन लहान असेल तर काखेखालची किंवा पाठीची चरबी आणि स्नायू तिथपर्यंत वळवून आणतात. हे त्याच ऑपरेशनमध्ये करणं सगळ्यात चांगलं. रेडिएशननंतर त्वचा कडक होते, मग दुरुस्ती अवघड जाते.

पूर्ण स्तन काढावा लागला तर नवा घडवण्याच्या दोन जाती. एक सिलिकॉनचं इम्प्लांट, थेट किंवा आधी फुगवायची पिशवी बसवून. ऑपरेशन छोटं, पण इम्प्लांट आयुष्यभराचं नसतं, बदलावं लागू शकतं, आणि पुढे रेडिएशन लागणार असेल तर त्याभोवती कडक आवरण धरून आकार बिघडण्याचा धोका बराच वाढतो. दुसरी जात स्वतःच्या मांसाची, पाठीचं किंवा पोटाचं. ऑपरेशन लांबतं, व्रण दोन जागी राहतात, पण ते अंगाचंच असतं, रेडिएशन जास्त सोसतं आणि वयाबरोबर शरीरासारखंच बदलतं. मला विचाराल तर रेडिएशन नक्की लागणार असलेल्या बाईने इम्प्लांटची घाई करू नये. पोटाच्या मांसाची शस्त्रक्रिया सूक्ष्म रक्तवाहिन्या जोडून करायची असेल तर त्यासाठी तयार प्लास्टिक सर्जन लागतो, त्याकरता पुण्या-मुंबईला जायची तयारी ठेवावी. पाठीच्या मांसाची शस्त्रक्रिया त्या मानाने जास्त ठिकाणी होते. शेतात वाकून, ओझं उचलून काम करत असाल तर ते सर्जनला सांगा, कारण स्नायू कुठला घ्यायचा हे त्यावर बदलू शकतं.

मिश्री लावता का, तंबाखू खाता का, हे डॉक्टर विचारतील तेव्हा खरं सांगा. आपल्याकडे किती बायका सकाळी मिश्रीशिवाय चूल पेटवत नाहीत! निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि वळवून आणलेलं मांस काळं पडू शकतं. किमान महिनाभर आधीपासून पूर्ण बंद हवी. साखर असेल तर तीही आटोक्यात आणून मगच टेबलावर जायचं.

काहीच नको असेल तर ब्रामध्ये ठेवायचा सिलिकॉनचा किंवा विणलेला कृत्रिम स्तनही मिळतो. वजन दुसऱ्या बाजूइतकं असावं, नाहीतर खांदा एकीकडे झुकतो.

घरी आल्यावर

काखेचं मोठं ऑपरेशन झालं असेल तर एक नळी आणि डबी लावून घरी पाठवतात. रोज ठरल्या वेळी डबीतलं पाणी मोजून वहीत मिलीलिटर लिहा. दिवसाला वीस-तीस मिलीच्या खाली आलं की नळी काढतात. पाणी सुरुवातीला लालसर, मग पिवळसर होतं. घट्ट, दुर्गंधीचं झालं किंवा थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी दाखवा. नळी काढल्यावर काखेत पाणी साचून फुगवटा येऊ शकतो, ते सुईने काढतात, घाबरण्यासारखं नसतं.

हात बांधल्यासारखा धरून बसू नका. दुसऱ्या दिवसापासून बोटं, कोपर; मग सर्जनने सांगितल्याप्रमाणे भिंतीवर बोटांनी वर चढणं. वेणी घालता आली, ओट्यावरच्या फळीवरचा डबा काढता आला की हात मार्गावर आहे. हे करायचं कारणही आहे. रेडिएशनच्या टेबलावर हात डोक्याच्या वर धरून पडावं लागतं. खांदा आखडला असेल तर प्लॅनिंगच पुढे ढकलतात.

त्या बाजूच्या हाताला पुढेही जपावं लागतं, विशेषतः काख साफ केली असेल तर. सोयाबीन काढताना विळा लागणं, पऱ्हाटीच्या बोंडाचं टोक टोचणं, तव्याचा चटका, अशा साध्या गोष्टींतून जंतू जातात आणि हात सुजतो. हातमोजे वापरा, खरचटलं की साबणाने धुवून मलम लावा. घट्ट बांगड्या दुसऱ्या हातात घाला. हात लाल आणि गरम झाला तर लगेच डॉक्टर. व्यायाम आणि हलकं काम मात्र बंद करू नका, वापरानेच हात चांगला राहतो.

रेडिएशनचे दिवस

केमो नसेल तर जखम भरली की साधारण दोन महिन्यांच्या आत रेडिएशन सुरू व्हायला हवं. केमो असेल तर ती आधी संपते. पहिल्या दिवशी सीटी स्कॅनवर आखणी होते आणि छातीवर रेघा किंवा सुईच्या टोकाएवढे ठिपके काढतात. रेघा धुऊन काढू नका, नाहीतर मोजमाप पुन्हा. डाव्या स्तनाला रेडिएशन असेल तर हृदय वाचवायला श्वास खोल घेऊन धरण्याची पद्धत तिथे आहे का, विचारा. वॉर्डात ज्याला सगळे 'लाईट' म्हणतात ती बैठक काही मिनिटांची असते, दुखत नाही, भाजल्यासारखं तेव्हा काही वाटत नाही. अंगातून किरणं बाहेर पडत नाहीत, लेकरू मांडीवर घेता येतं, एका ताटात जेवता येतं.

त्वचेचा त्रास बहुधा शेवटच्या दिवसांत आणि नंतरच्या आठवड्यांत दिसतो. काळवंडते, खाजते, स्तनाखालच्या घडीत सोलवटते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात घामाने तो वाढतो. सुती, सैल झंपर घाला, ब्रा काही दिवस सोडा, कोमट पाण्याने नुसतं धुवा आणि टिपून कोरडं करा. हळदीचा लेप, कोरफड-चंदनाचं घरगुती मिश्रण, टाल्कम पावडर यातलं काहीही लावू नका. डॉक्टरांनी दिलेलंच मलम लावा.

पुढची वर्षं

ईआर पॉझिटिव्ह असेल तर पाच ते दहा वर्षं रोज गोळी: पाळी चालू असलेल्यांना बहुधा टॅमॉक्सिफेन २० मिलीग्राम, पाळी गेलेल्यांना दुसऱ्या जातीची. टॅमॉक्सिफेन स्वस्त आहे, त्यामुळे तिची किंमत कळत नाही आणि सहा महिन्यांत बरं वाटतं म्हणून बायका सोडतात. सोडू नका. ती चालू असताना दिवस जाऊ देऊ नका, आणि पाळी गेल्यानंतर अंगावरून लाल गेलं तर दाखवा. हर-टू पॉझिटिव्ह असेल तर ट्रास्टुझुमॅबची इंजेक्शनं साधारण वर्षभर चालतात.

सुरुवातीची काही वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी, रेडिएशन संपल्यावर सहा ते बारा महिन्यांनी पहिली मॅमोग्राफी आणि मग दर वर्षी, दोन्ही स्तनांची. काही त्रास नसताना दर वेळी सगळ्या अंगाचे स्कॅन लागत नाहीत. व्रणाजवळ नवी गाठ, काखेत किंवा गळ्याच्या हाडावर गाठ, हटत नसलेली पाठदुखी, दम किंवा खोकला यांपैकी काही आलं तर तारखेची वाट पाहू नका.

हे वाचणाऱ्यांत अशाही बायका असतील ज्यांचा स्तन काही वर्षांपूर्वीच काढला गेला आणि तेव्हा कुणी काही विचारलंच नाही. नवा स्तन नंतरही घडवता येतो, पाच वर्षांनी, दहा वर्षांनीसुद्धा. आजार शांत असावा, मिश्री-तंबाखू सुटलेली असावी आणि रेडिएशन झालं असेल तर शक्यतो स्वतःच्या मांसाचा विचार करावा. प्लास्टिक सर्जनला भेटायला जाताना ऑपरेशनचा जुना कागद, बायोप्सीचा रिपोर्ट, रेडिएशन किती बैठका झालं त्याचा दाखला आणि अलीकडची मॅमोग्राफी बरोबर न्या. जुनी फाईल हरवली असेल तर ज्या रुग्णालयात ऑपरेशन झालं तिथल्या रेकॉर्ड विभागात नाव, गाव आणि साल देऊन नक्कल मागा.